माझ्या पायाने मोडलेला संप

माझ्या एका पायाने संप मोडला.

ज्यांचा मोडला, त्यांतली मंगल सिस्टर गेल्या वर्षी आजच्याच दिवशी गेली. पगारवाढ अजून आलेली नाही.

बोलतेय मी, टाईप करतेय माझी नात. तिला बजावलंय, बोलते तसंच टाक, मध्ये शहाणपणा नको.

माझा मुलगा रोह्याला कंपनीत. त्याच्या पगारातून सरकारी विम्याचे पैसे कापतात, म्हणून विम्याच्या दवाखान्यात माझं औषधपाणी होतं. कापायला एक महिना चुकत नाहीत हां.

सिस्टर पेणची. रोज एसटीने रोह्याला यायची.

मीपण पेणकडचीच, खाडीवरची. जन्म मिठागरात गेला. खाऱ्या पाण्यात उभं राहून तळपायाची फळी झालेली, वर शुगर. खिळा घुसला तो मला चार दिवसांनी कळला. तोही सून म्हणाली तेव्हा, "आई, वास कसला येतोय?"

मग दिवसाआड ड्रेसिंग. सिस्टर माझा पाय सरळ मांडीवर घ्यायची.

"आजी, मोदक खाल्लात?"

"नाय गो. नुसता वास घेतला."

"वासाने एवढी शुगर चढते? मग श्वास घेणं बंद करा."

माझ्याशी असं बोलणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मी वेळेआधीच जाऊन बसायचे.

तर त्यांची पगारवाढ. डॉक्टर, सिस्टर, औषधं देणारे, सगळ्यांचीच वर्षानुवर्षं अडकलेली. विचारलं की विम्याच्या मोठ्या ऑफिसातून एकच उत्तर. मंजूर आहे, प्रक्रियेत आहे.

अर्ज देऊन झाले. काळ्या फिती लावून झाल्या.

शेवटी दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या गेटबाहेर सतरंजी टाकून बसले. काम बंद. जिवावरचं असेल तेवढंच बघणार.

मला कोणी सांगितलंच नाही. ड्रेसिंगचा दिवस, मी रिक्षाने हजर.

"काय गो, भजन हाय का?"

सगळे हसले. सिस्टर नाही हसली. ती माझ्या पायाकडे बघत होती. पट्टीतून पाणी आलेलं.

"बसा आजी."

"अगो, पण संप ना तुमचा?"

"माझा आहे. तुमच्या पायाला कुठे माहीत आहे? बसा."

तिच्या पिशवीत डब्याशेजारी माझ्या पट्टीचं सगळं सामान होतं. मी येणार, हे तिने घरातून निघतानाच धरलेलं.

तिथेच, सतरंजीवर, पाय तिच्या मांडीवर. आणि नेमकी मुंबईच्या साहेबाची गाडी आली.

साहेबाने मोबाईल काढला, फोटो घेतला. गोड आवाजात विचारलं, "काय आजी, सेवा मिळते ना?"

मला वाटलं, मोठा माणूस आहे, याच्यासमोर हिचं कौतुक केलं तर हिची वाढ लवकर होईल.

म्हटलं, "मिळते म्हणजे? एक दिवस चुकत नाय. हिच्यासारखी सिस्टर शोधून मिळायची नाय."

दोन दिवसांनी वरून पत्र आलं. रुग्णांची गैरसोय नाही, सेवा सुरळीत आहे, मागणीचा योग्य वेळी विचार होईल. सोबत फोटो.

आधार कार्डानंतर सरकारदरबारी माझा हा दुसरा फोटो. त्यात तोंड नाही, नुसता पाय.

त्याच दिवशी त्यांनी सतरंजी गुंडाळली.

औषधं देणारा दिलीप तिला सगळ्यांसमोर म्हणाला, "पट्ट्याच बांधायच्या होत्या, तर संपात कशाला बसलीस?"

नंतर किती दिवस तिच्याबरोबर डबा खायला कोणी बसत नव्हतं. हे सगळं मला दुसऱ्या सिस्टरने सांगितलं. ती स्वतः एका शब्दाने बोलली नाही.

पुढच्या ड्रेसिंगला गेले, तर मला वर बघवेना.

"गो बाय, माझ्या जिभेने घात केला तुमचा."

ती हातमोजे चढवत होती.

"आजी, मी जिभेचं ड्रेसिंग करत नाही. पाय दाखवा."

पाय वाचला.

ती नाही वाचली. रिटायर व्हायला थोडेच महिने होते. सकाळी एसटीला निघताना छातीत दुखलं, तेवढंच. डबा भरून तयार होता म्हणे.

गेल्या आठवड्यापासून ते लोक परत गेटबाहेर बसलेत. सतरंजी तीच, कडेने विरलेली. बसणारेही विरलेले. घोषणासुद्धा बसूनच देतात.

आज सकाळी मी गेले. दिलीपने सरकून जागा दिली. मान खाली घालून म्हणाला, "आजी, आज ती हवी होती."

"हवी होती तेव्हा शेजारी बसला नाहीस," मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारी बसले. त्याच्यावर तरी किती रागवायचं? त्याचेही केस पांढरे झालेत.

नवीन सिस्टर आहे, पोरसवदा. तिने माझं लंगडणं बरोबर हेरलं. "आजी, पाय बघू."

पायाला परत फोड आलाय. मी साडी खाली ओढली.

कारण समोर गाडी थांबली होती. साहेब दुसरा, पण मोबाईल तसाच हातात.

"काय आजी, सेवा मिळते ना?"

"नाय मिळत."

पाय ठणकत होता. मी साहेबाकडे बघत राहिले. त्याने मोबाईल खिशात घातला.

ती पोरगी कानात म्हणाली, "आजी, आता तरी दाखवा."

"थांब गो. गाडी जाऊ दे आधी."

मंगल सिस्टर, या वेळी जीभ सांभाळली. तुझ्यासाठी दोन वर्षं उशीर झाला, एवढंच.

वयाने मी मोठी. तरी आज नमस्कार माझा, तो घे.