दहा मिनिटं आधीचा शेवट

सिनेमावाल्यांनी लाखो रुपये ओतून केलेला शेवट नुसत्या एका बोटाने रद्द करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: हिंगोलीकडच्या गोरेगावचा व्हिडिओवाला. नव्वदच्या दशकात मी तिथं मास्तर होतो. हा गडी माझ्या खांद्याला लागायचा, पण बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. बायको त्याच्याहून वीतभर उंच आणि दिवसाला चार शब्द बोलणारी. तो मेंढपाळाचा पोरगा, ती बंजारा तांड्यावरची. पळून जाऊन लग्न केलं आणि दोन्ही घरांची दारं बंद झाली. मग बाजारतळाच्या कडेला पत्र्याचं शेड ठोकलं, त्यातच संसार आणि त्यातच तिकीट लावून व्हिडिओवर सिनेमे. टीव्हीवरचं भांडण कुठं संपलं आणि यांचं कुठं सुरू झालं, हे पहिल्या रांगेलाही कळत नसे. भांडण झालं की बाई गाठोडं घेऊन सेनगावच्या जीपमध्ये जाऊन बसायची. जीप खचाखच भरल्याशिवाय हलत नाही, तेवढ्या वेळात हा तिला बोलून बोलून उतरवायचा.

त्याचा लाडका सिनेमा पुलाखाली राहणाऱ्या, रोज भांडणाऱ्या नवराबायकोचा. पुरात झोपडी वाहून जाते, दोघं एका घोंगडीत बसतात, आणि हा कॅसेट बंद करायचा. "संपला. चला, चहा घ्या." सगळा बाजार समाधानाने घरी जायचा. पुढे हिंगोलीला मी तोच सिनेमा पाहिला, तर घोंगडीनंतर आणखी दहा मिनिटं होती. त्यात ती बाई उठते आणि कायमची निघून जाते.

मी त्याला गाठलं. एरवीचा बडबड्या, पण मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, ती दारात बसून बघून राहिली ना. असं बी जाता येतंय, हे तिला काहून दाखवू?"

एका बाईसाठी त्याने वर्षानुवर्षं अख्ख्या बाजाराला फसवलं होतं. मी थक्क झालो.

दोन दिवसांनी तो जनरेटरसाठी डिझेल आणायला गेला होता आणि ती कॅसेट मागे फिरवत बसली होती. ते काम तिचंच. मी हळूच विषय काढला.

"शेवट म्या पहिल्याच आठवड्यात पाह्यला," ती म्हणाली. "त्यो घरी नव्हता तवा."

"मग ते जीपमध्ये जाऊन बसणं?"

"तिथं बसलं की त्यो येतो ना बोलायला." मग म्हणाली, "त्याला सांगू नका, मास्तर. लई तकलीफ होईल."

मी सांगितलं नाही. पुढे घरोघरी डिश आली, शेड गेलं, दोघं साखरा गावाकडे शेळ्या राखू लागली. माझी बदली झाली. मध्यंतरी एकदा त्या बाजूला गेलो, तर परतताना थांब्यावरच्या जीपमध्ये बसलेली ती दिसली, मांडीवर गाठोडं, केस पांढरे. खाली उभा राहून तो बोलत होता. जीप भरत आली होती. तेवढ्यात मी बसलो होतो ती एसटी सुटली, आणि मी मुद्दाम मागे वळून पाहिलं नाही.