समासातली माणसं

माझ्या बायकोची एक वही होती. आमट्या, लोणची आणि खोकल्याचे काढे तिच्यात एकत्रच नांदत. ती वही गॅरेजमधल्या ओलीने खराब झाली, असं मी मुलीला इतकी वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. ती मी टाकून दिली.

अमेरिकेत सांता क्लाराला आम्ही नवीन होतो तेव्हा डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ताप उतरूनही जायचा. मग बायका एकमेकींना फोन करत. रिसीव्हर खांद्यावर मानेने दाबून ही उतरवून घ्यायची: ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकणे. शेजारी समासात बारीक अक्षरात, ‘नागपूरच्या मावशींनी सांगितलं. लेकीला दोनदा केलं, उतार पडला.’ काही ठिकाणी ‘गुण नाही’ आणि फुली.

मी रिटायर झाल्यावर तिच्या वाढदिवसासाठी ती वही टाइप केली. जन्मभर इंजिनिअरिंगचे रिपोर्ट लिहिलेला माणूस. साहित्य, प्रमाण, कृती एवढंच ठेवलं. समासातला मजकूर गाळला, फुल्यांची पानं वगळली, स्पायरल बाइंडिंग करून आणलं. तेलकट वही रिसायकलिंगच्या डब्यात टाकली.

तिने पानं चाळली. “सुबक झालंय हो. पण यातली माणसं कुठे गेली?”

“कृती महत्त्वाची. नावं कशाला?”

“माझी वही कुठाय?”

मी खरं ते सांगितलं. तिने चहाचं आधण ठेवलं. तो विषय पुन्हा काढला नाही, आणि माझी प्रत उघडलेलीही मी कधी पाहिली नाही. दोन वर्षांनी ती गेली.

आमची मुलगी बेलव्ह्यूला असते. इंग्लंडमधल्या बायकांच्या चारशे वर्षांपूर्वीच्या घरगुती वह्या ती अभ्यासते. मागच्या खेपेस तिने लॅपटॉपवर एक पान दाखवलं. वर मटणाचा पदार्थ, खाली खोकल्याचं औषध, कडेला शेजारणीचं नाव आणि ‘करून पाहिलं’ अशी खूण.

“सेम आईसारखं, बाबा. रेसिपी कुठेही मिळते रे. कोणी कोणाला दिली, ते फक्त इथे असतं. आईची वही हवी होती.”

परवा फोनवर तिला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, “ओके. तुला आठवतं तेवढं लिही.”

म्हणून पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या प्रतीचे समास चांगले रुंद आहेत. चार नावं आठवली. पाचव्यासाठी हिच्या जुन्या मैत्रिणीला, टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या वहिनींना फोन केला.

“सुंठ-गुळाची गोळी तुम्हीच हिला सांगितलीत ना?”

“मी कसली सांगते, भाऊजी. मला तर पाणी उकळता येत नव्हतं, म्हणून हसायची ती. तिनेच शिकवली मला. आता माझी सून नातवाला देते.”

हिच्या वहीत हिचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. मी ते लिहिलं. खाली लिहिलं, ‘फ्रिस्कोच्या नातवाला गुण आला.’

अक्षर मात्र माझं आहे.