नसीमआपांचा डिफ्यूझर

गाडीत बसण्याआधी नसीमआपा गाडीभोवती एक चक्कर मारायच्या आणि मागच्या बाजूला येऊन थांबायच्या. "पुढून तर समद्याच गाड्या चांगल्या दिसत्यात," त्या म्हणायच्या. "आपण पुढं निघून जाणार, मंग लोकायला दिसणार ती आपली पाठच ना!"

वडीगोद्रीत आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, अंगणात लाल गाडी. नवरा वारल्यावर दीर म्हणाले, "गाडी विकून टाका, चालवणार कोण?" आपा म्हणाल्या, "मी." चाळिशी उलटलेल्या या बाईनं गाडी शिकून घेतली. पुढे कुणाची सून अडली, कुणाच्या मुलीची परीक्षा असली, की लोक आपांचंच दार वाजवायचे.

लेकीचं, अर्शियाचं, लग्न ठरलं. तिनं बजावलं, "अम्मी, मैं अपनीच गाडी में जाऊंगी. तुम चलाना." पण गाडीचा मागचा बंपर खालून पार खरवडला होता. अर्शियानं डिफ्यूझर मागवला. बंपरच्या खालच्या कडेला बसवायचा काळा, उभ्या पात्यांचा भाग तो. ओरखडे झाकले जातात, वर गाडीला ऐट येते. लग्नसराईत गॅरेजवाल्याला सवड नव्हती. आपांनी तो घरीच बसवायचं ठरवलं.

दीर घाबरले. "भाभी, बंपर तडकला तर लेकीला फुटक्या गाडीत पाठवणार का?"

"कापडाला कातर लावताना मला रोजच भ्या वाटतंय," आपा म्हणाल्या. "म्हणून शिवायचं सोडलं का?"

कामाची त्यांची एकच रीत. "पहिले टाचण, मंग शिलाई." त्यांनी वर्तमानपत्राचा कागद बंपरला लावून माप बेतून घेतलं. दोऱ्यानं मध्य काढला. बंपर साबणानं धुऊन पुसला, चिकटपट्ट्यांनी डिफ्यूझर तात्पुरता टाचला आणि लांब जाऊन, मान तिरकी करून पाहिला. "मंगल, डावीकडं उतरून राह्यलाय. उचल जरा." मी उचलला. सायलेन्सरपासून चार बोटं जागा त्यांनी मुद्दाम सोडली, नाहीतर प्लास्टिक वितळलं असतं. मग आतून हात घालून वायर कुठं जाते ते चाचपलं, आणि बिस्मिल्लाह म्हणून ड्रिल लावलं. माझे डोळे मिटलेले. उघडले तेव्हा स्वच्छ गोल भोक पडलं होतं. स्क्रू आवळून झाल्यावर आपा तिथंच मातीत बसून हसल्या.

पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. "रिकाम्या गाडीचं काय खरं?" म्हणत त्यांनी गल्लीतल्या जाड बायका हाका मारून मागं बसवल्या आणि गाडी शाळेजवळच्या गतिरोधकावर घातली. खर्रर्र! बायकांनी कपाळाला हात लावला. आपांनी डिफ्यूझर उतरवला आणि करवतीनं त्याच्या उभ्या पात्यांची खालची कड कापायला घेतली. "झगा पायात आला तर झगा आखूड करायचा," त्या म्हणाल्या. "चालणं बंद न्हाई करायचं." कड कानशीनं घासून गुळगुळीत केली. पुन्हा त्याच बायका, तोच गतिरोधक. या वेळी आवाज झाला तो बायकांच्या टाळ्यांचा.

लग्नाच्या दिवशी, निरोपाच्या वेळी नवऱ्या मुलाचे काका आडवे आले. "दुल्हन हमारी गाडी में बैठेगी. औरत के हाथ में गाडी, और इतना लंबा रास्ता?"

आपांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "जिन हाथों ने पाला, वही हाथ पहुंचा देंगे, भाईसाब."

नवरा मुलगा पुढे आला, त्यानं लाल गाडीचं दार उघडून अर्शियाला बसवलं आणि शेजारी स्वतः बसला. काका बाजूला झाले. पाठराखीण म्हणून मी पुढं बसले.

वाटेत मागं अर्शिया हुंदके देत होती, माझेही डोळे वाहत होते. आपा मात्र ताठ बसून रस्ता बघत होत्या. "आपा, रडून घ्या हो," मी हळूच म्हटलं.

"स्टिअरिंग हातात असताना न्हाई."

नवीन जालन्यात अर्शियाच्या सासरी पोचलो, तशी सासू दारात आली. तिनं सुनेला उतरवून घेतलं आणि वळसा घालून थेट चालकाच्या दारापाशी आली. आपांचा हात धरून जमलेल्या बायकांना म्हणाली, "देखो, दुल्हन को उसकी अम्मी खुद लाई है." आपांची मान मी तेवढी उंच कधीच पाहिली नव्हती.

परतताना जालना मागं पडलं. आपांनी इंडिकेटर दिला, गाडी सावकाश कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आणि मगच त्या रडल्या.