दातांचे डॉक्टर आणि तहानलेलं हरिण

जगातला कुठलाही विषय काढा, रामदासपेठेतले आमचे दातांचे डॉक्टर तो बघता बघता हरणावर आणून सोडतात. आणि हरिणही इथल्या जंगलातलं नव्हे, यहुद्यांच्या धर्मग्रंथांतलं! घरात सात पिढ्यांची विठ्ठलभक्ती, स्वतः पक्के नास्तिक; तरी पन्नाशी उलटल्यावर हा माणूस मोबाइलवर हिब्रू शिकला. कशासाठी? तर तिथला 'अय्याल' म्हणजे नेमका कोणता प्राणी आणि 'त्स्वी' कोणता, हे ठरवायला. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला की व्याख्यान सुरू, कारण त्या अवस्थेत कोणालाच वाद घालता येत नाही. "मराठी भाषांतरात दोघांलेही सरसकट हरिण लिहून ठेवलं! काहून गा? अय्यालची शिंगं दरसाल गळतात, आपल्या चितळासारखी. त्स्वीची जन्मभर टिकतात. तो आपला चिंकारा होय!" याच आवेशात त्यांनी माझी दाढ उपटली. दुखत होती ती शेजारची.

एकदा त्यांना जंगलात नेण्याची चूक आम्ही केली. समोर वाघ, सगळी जीप श्वास रोखून बसलेली, आणि हे पाठ फिरवून चितळाच्या शिंगांचे फोटो काढताहेत. "वाघ काय पाहून राहिले? तो कुठं पळून चालला!" वाघ तेवढ्यात गेलाच. पुढे एका लग्नात त्यांनी नवरीला "तू अगदी त्स्वी आहेस" असा आशीर्वाद दिला. त्या शब्दाचा दुसरा अर्थ शोभा, सौंदर्य. पण सासूने अर्थ विचारला तेव्हा हे शास्त्रशुद्ध उत्तरले, "चिंकारा." त्या घरचं आमंत्रण पुन्हा आलं नाही.

वाडीला, ट्रकांच्या गोदामांमागे एक लहानसं प्रार्थनाघर आहे. तिथल्या पाद्रीबाबांची कवळी यांनीच बसवलेली. त्या उपकारापोटी बिचाऱ्यांनी एका रविवारी यांना बोलायला बोलावलं, आणि मलाही सोबत जावं लागलं. विषय होता एक स्तोत्र, मूळचं त्याच यहुदी ग्रंथांतलं, ज्यात तहानलेलं हरिण पाण्यासाठी तळमळतं. डॉक्टरांना तहानेशी कर्तव्य नव्हतं. हिब्रूत तिथे नाम पुल्लिंगी आहे आणि क्रियापद स्त्रीलिंगी; मग तो नर की मादी? यावर ते बोलत राहिले, बोलतच राहिले. माणसं एकेक करून चपला शोधू लागली. पाद्रीबाबा डुलक्या घेऊ लागले. शेवटी पुढच्या सतरंजीवर एक म्हातारी तेवढी उरली.

"डॉक्टरसाहेब, मले बाकी काही समजलं नाही," ती म्हणाली, "पण त्या हरणाले शेवटी पाणी भेटलं का? पाद्रीबाबा दरवेळी वाचते, अन् ते आपलं तहानलेलंच राहते."

स्तोत्रात तसं कुठेही लिहिलेलं नाही, हे डॉक्टरांइतकं कोणाला ठाऊक असणार? एका क्रियापदाच्या लिंगासाठी जगाशी भांडणारा तो माणूस तिच्याजवळ सतरंजीवर बसला.

"भेटलं नं, आजी. पोटभर प्यालं."

"बरं झालं बाप्पा," म्हणत ती उठली आणि डोक्यावर पदर घेऊन उन्हात निघून गेली.

परतताना मी टोचलंच, "डॉक्टर, हे कोणत्या हिब्रूत आहे?"

एरवी ते माझ्यावर तुटून पडले असते. "कुठंच नाही गा," एवढंच म्हणाले, आणि अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या धुळीकडे पाहत गाडी चालवत राहिले. त्यांची टिंगल मी अजूनही करतो. पण पूर्वीसारखी ती मनापासून होत नाही.