आरोळी नसलेला अल्बम

अमरावतीच्या त्या बँडमध्ये मी गायला लागले तेव्हा बँड वीस वर्षांहून जुना होता, आणि त्याचा गायक जिवंत होता. लोकांना राग आला तो बहुतेक यामुळेच. माणूस गेल्यावर त्याच्या जागी कुणी उभं राहिलं तर लोक एक वेळ समजून घेतात. पण इथं तो समोर खुर्चीवर बसलेला असायचा.

मी अकोल्याच्या एका शाळेत संगीत शिकवते. लग्नाआधी ऑर्केस्ट्रात गायचे, नंतर ते सुटलं. हा बँड मात्र कॉलेजात असल्यापासून ऐकलेला. वऱ्हाडी बोलीत हार्ड रॉक, म्हणजे आमच्या घरच्यांच्या भाषेत नुसता धिंगाणा. त्यांच्या गायकाला सगळे दादा म्हणत. गाणी तेच लिहायचे. गाणं संपता संपता ते एक लांब आरोळी द्यायचे, शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या माणसाला द्यावी तशी. लोक त्या आरोळीसाठी यायचे. ती सुरू झाली की अख्खं मैदान त्यांच्याबरोबर ओरडायचं. मीही ओरडले आहे.

मग दादांच्या तोंडाचं ऑपरेशन झालं. तरुणपणापासून खर्रा खायचे, दिवसभर गालात सुपारी-तंबाखू. नागपूरला जबड्याचा एक भाग आणि अर्धी जीभ काढली. जीव वाचला, आवाज गेला. नव्या अल्बमची गाणी तोवर लिहून, चाली लावून तयार होती. गिटार वाजवणाऱ्या भाऊंनी, बँड त्यांनीच सुरू केलेला, मला फोन केला. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत त्यांनी माझं गाणं ऐकलं होतं. म्हणाले, "मॅडम, हे गाणे कोनी तरी गायले पायजेत. दादाचंच म्हननं हाय."

शनिवारी अर्धी शाळा आटोपून मी गाडीनं बडनेऱ्याला उतरायचे आणि तिथून ऑटोनं अमरावतीत, राजापेठेत. ड्रमवाल्या भाईंचं तिथं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, खाली गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनायच्या. वरच्या खोलीत प्रॅक्टिस. वेल्डिंगचा वास वरपर्यंत यायचा. पहिल्या दिवशी मी जिना चढून गेले तेव्हा दादा खुर्चीवर बसलेले होते, गळ्याभोवती दुपट्टा, गाल एका बाजूनं आत गेलेला. शेजारी त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी. दादा काहीतरी बोलले. मला एक अक्षर समजलं नाही. नुसते स्वर ऐकू आले, शब्दांची कड गेलेली.

वहिनी म्हणाल्या, "ते म्हनून राहिले का, मॅडमले आधी चहा द्या."

पुढे महिनोन्‌महिने असंच चाललं. दादा बोलायचे, वहिनी सांगायच्या. "ते म्हनतात, हा शब्द दाबून म्हना." "ते म्हनतात, इथं श्वास नका घेऊ." वहिनी मूळच्या तेल्हाऱ्याच्या, गाण्यातलं त्यांना काही कळत नाही असं त्या स्वतःच सांगायच्या. पण दादांच्या तोंडून निघालेला एकही शब्द त्यांनी सांडू दिला नाही. आणि हळूहळू मलाही ते बोलणं कळायला लागलं. आधी फक्त 'हाव' आणि 'नाही', मग छोटी वाक्यं. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. वहिनींचं काम आपण कशाला काढून घ्यावं, असं वाटायचं.

अडचण आली ती शेवटच्या गाण्याला. ते दादांच्या आईवर होतं. संध्याकाळी शेतातून परतताना आई लेकराला हाका मारते, एवढंच त्यात. बाकीच्या गाण्यांतली आरोळी आम्ही गाळली होती, पण याच्या शेवटी ती भाऊंना हवीच होती. मी करून पाहिली, पण ती माझ्या गळ्यातून निघेना. निघायची ती नुसती किंकाळी. भाऊ वैतागले. "आरोळी नाही तं गानंच नाही," म्हणाले.

दादा बोलले. वहिनींनी सांगितलं, "तिले तिच्या गळ्यानं गाऊ द्या, म्हनतात."

मग मी ते माझ्या पद्धतीनं गायले. शेवटची हाक वर न नेता खाली आणली, आई अंगणात येऊन थांबते तशी. भाई ड्रमवरून म्हणाले, "ये भी सही है." भाऊंनी गिटारची तार पुन्हा लावून घेतली. रेकॉर्डिंग तसंच झालं.

अल्बम पूर्ण झाला तेव्हा आम्ही सगळे दादांच्या घरी जमलो. दुपारची वेळ, कूलर चालू होता, नीट ऐकू यावं म्हणून वहिनींनी तो बंद केला. स्पीकर टीव्हीजवळ ठेवला. दादा डोळे मिटून ऐकत होते. बोटं मांडीवर ताल धरून होती. दोन-तीन गाण्यांनंतर बोटं थांबली. आईचं गाणं शेवटी आलं. ते संपलं. मग दादा बोलले.

वहिनी म्हणाल्या, "ते म्हनतात, लय मस्त झालं."

दादा तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "मी कुठंच नाही याच्यात."

मला ते स्वच्छ ऐकू आलं. मी वहिनींकडे पाहिलं, त्या कपबशा गोळा करत होत्या. भाऊंनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला, भाई हसले, सगळ्यांना हायसं वाटलेलं. मीही हसले. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेराहून येता का. मी हो म्हटलं.

अल्बम इंटरनेटवर आला आणि भांडणं सुरू झाली. जुने चाहते, आता चाळिशी-पन्नाशीचे, लिहायचे की बँडचं नाव तरी बदला. कुणी लिहिलं, ताईंनी भावगीतं गावीत. कुणी लिहिलं की दादांना जिवंतपणी बाजूला केलं. कॉलेजच्या मुली उलट बाजूनं तुटून पडायच्या. माझे मिस्टर फोन काढून घ्यायचे, कशाला वाचतेस म्हणायचे. खरं सांगायचं तर त्यातलं काही मला फार लागत नव्हतं. जे लागायचं होतं ते आधीच लागून गेलं होतं.

अमरावतीत कार्यक्रम ठेवला. हॉल भरला होता. दुसऱ्या गाण्यालाच मागून ओरडा सुरू झाला, "दादा पायजे, दादा पायजे." भाऊ वाजवत राहिले. मी शब्द विसरले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून दादा उठले. लोकांकडे वळले. सगळ्यांना वाटलं ते स्टेजवर येतील, टाळ्या पडल्या. त्यांनी तोंडावरचा दुपट्टा खाली घेतला, आपला चेहरा लोकांना दाखवला, आणि हात जोडले. मग माझ्याकडे बोट केलं आणि हातानंच लोकांना बसायला सांगितलं. हॉल शांत झाला. मी पुन्हा सुरुवातीपासून गायले. कशी गायले ते आठवत नाही.

त्या हिवाळ्यात आजार परत आला. या वेळी नागपूरला फार काही करता आलं नाही. दादा गेले तेव्हा मी शाळेत स्नेहसंमेलनाची गाणी बसवत होते. भाईंचा फोन आला. "मॅडम, दादा नहीं रहे," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मी मुलांना सुट्टी दिली आणि पेटीपाशी बसून राहिले.

दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेले. तोवर त्या मला मॅडम म्हणायचं सोडून तू म्हणायला लागल्या होत्या. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. त्या मेथी निवडत होत्या, मीही निवडायला घेतली. मध्येच त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुले समजलं होतं ना, ते काय म्हनाले ते?"

"हाव," मी म्हटलं.

"मले वाटलंच. तू हसली तवाच वाटलं." मग म्हणाल्या, "मी कधीच बदलून नाही सांगितलं कोनाले काही. तेवढं एकच."

"नंतर काही बोलले का ते? अल्बमबद्दल?"

"नाही. पुन्हा ऐकला पन नाही त्यायनं." त्यांनी देठं एका बाजूला सारली. "तुह्यावर राग नव्हता. तुह्या गान्याचं कौतुकच होतं त्यायले. पन ऐकवत नव्हतं. मलेबी नाही ऐकवत. तू मनाले लावून नको घेजो."

मी म्हटलं, नाही घेत. मग त्यांनी भाकरी टाकल्या. आम्ही जेवलो.

बँड फार काळ टिकला नाही. भाऊंना पुढचा अल्बम करायचा होता, माझ्याच आवाजात. भाई म्हणाले, "मेरे से नहीं होगा अब. वो कुर्सी दिखती है," आणि वरच्या खोलीत लोखंडी पाइप ठेवायला लागले. दोघांची बोलाचाली बंद झाली ती अजून तशीच आहे. भाऊ कधी कधी मला फोन करतात, एखादी चाल ऐकवतात. मी छान आहे म्हणते. गायचं काही निघत नाही. वहिनी भावाकडे तेल्हाऱ्याला राहायला गेल्या. संक्रांतीला त्यांचा फोन येतो.

मागच्या महिन्यात अकोल्याच्या बसस्टँडवर एका मुलीनं मला ओळखलं. कॉलेजची, पाठीवर बॅग. म्हणाली, "मॅडम, ते आईचं गाणं मी रोज ऐकते. हॉस्टेलला आल्यापासून रोज." मी थँक्यू म्हटलं. तिनं फोटो काढला. मग म्हणाली, "यांचे जुने अल्बमपन ऐकले मी. पन तो जुना गायक नाही आवडला मले. तुमीच भारी."

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा आवाज चढला. "बाळा," मी म्हटलं, "ती सगळी गाणी त्याच माणसाची आहेत. आईसुद्धा त्याचीच. तू ते जुने अल्बम पुन्हा ऐक, मोठ्यानं लावून ऐक."

ती जरा बावचळली. हो मॅडम, ऐकते, म्हणाली. तेवढ्यात तिची बस लागली आणि ती जागा धरायला पळाली. आत जाऊन खिडकीशी बसली, कानाला लावायचं काढलं, आणि मला हात केला. ती काय ऐकणार होती, मला माहीत नाही. बस निघेपर्यंत मी फलाटावर उभी होते.