मावशी आणि केसाळ जंतू

आमची मावशी जन्माची भित्री. पालीला घाबरायची, लिफ्टला घाबरायची, आणि नोकरी केली ती मात्र जुलाबाच्या जंतूंची. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती बशीत जंतू वाढवायची. त्यांच्या अंगावर बारीक तंतू असतात, त्यांनीच ते आतड्याला चिकटून बसतात. पुस्तकात या तंतूंना प्रतिजन म्हणतात, मावशी केस म्हणायची. काचपट्टीवर तपासणीच्या द्रवाच्या थेंबात जंतूंच्या गुठळ्या झाल्या की केस आहेत असं समजायचं. बशीला ऊब कमी पडली तर मात्र जंतू बिनकेसांचे वाढतात. "टकले निघाले की पकड गेली," असं ती भर जेवणात सांगायची आणि आमचा घास तोंडातच राहायचा.

मग तिच्या लेकीच्या तान्ह्या मुलीला जुलाब लागले. दुपारपर्यंत पोर मलूल झाली, डोळे खोल गेले, रडली तरी पाणी येईना. डॉक्टरांनी जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या. चमच्याने पाजत राहा, दूध चालू ठेवा, आणि संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर लगेच भरती करा, म्हणाले.

मी पोहोचलो तेव्हा लेक स्वयंपाकघरात पाणी उकळत होती. इकडे मावशीने पोरीची दुलई काढून टाकली होती, झबलंसुद्धा, आणि वर पंखा लावला होता. पोरीचे पाय गार पडलेले.

"मावशी, हे काय?"

"उबेत केस येतात रे त्यांना," ती पुटपुटली.

एरवी मी हसलो असतो. तिचा चेहरा बघून हसू फुटेना. पोटातली ऊब पंख्याने जात नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, पण भीतीपुढे तिची अक्कल चालेना.

लेकीने येऊन पंखा बंद केला, पोरीला दुलईत गुंडाळलं आणि मावशीच्या मांडीवर ठेवलं. "आई, ही तुझी बशी नाहीये. धर नीट."

मावशीचे दोन्ही हात पोरीला धरण्यात गुंतले, म्हणून चमचा मी घेतला. अर्धं पाणी बाहेरच येत होतं. एकदा पोरीने सगळंच ओकलं, तेव्हा आम्ही कुणी कुणाकडे बघितलं नाही. पुन्हा चमचा भरला. खिडकीतलं ऊन उतरत चाललं होतं आणि मला आता मावशीइतकीच भीती वाटत होती.

अचानक मावशी ताठ झाली. मला वाटलं, संपलं. तिने दुलईखाली हात घातला, बाहेर काढून बघितला. नुसतं ओलं होतं, जुलाब नव्हता.

"लघवी," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

"दे इकडे, बदलते तिला," लेक म्हणाली.

"राहू दे जरा," मावशी म्हणाली.