माझ्याच चेहऱ्यावरची शाई

"शर्ट काढ," साहेब म्हणाले. "बनियनपण."

फरीदाबादच्या छापखान्यामागचं अंगण. फोटोसाठी हातात भाड्याचं धनुष्य दिलं, डोक्याला मोरपीस बांधलं. वर्तमानपत्राची आदिवासींवर पुरवणी निघत होती, आणि अख्ख्या छापखान्यात आदिवासी मी एकटा. गडचिरोलीचा गोंड, मशीनमन. धनुष्य मी आयुष्यात धरलं नव्हतं. माझे वडील बाजारात सायकली दुरुस्त करायचे. हे साहेबांना सांगितलं.

"अरे यार, तुमच्याकडे असंच असतं ना!" ते हसले.

साहेब छापखान्याचे मॅनेजर, पुण्याचे. तिथे माझ्याशी मराठीत बोलणारे ते एकटेच, म्हणून मला आपले वाटायचे. मी शर्ट काढला. लाज वाटली, तरी काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरवणी माझ्याच मशीनवर चढली. सुरुवातीच्या प्रती खराब निघतात, त्या बघत आम्ही रंग जुळवतो. प्रत्येक प्रतीवर मी, उघडा. माझी मुलगी वर्गात सगळ्यांना सांगते, माझे बाबा पेपर छापतात. तिच्या शाळेत हाच पेपर येतो. तरी हात रंग जुळवत राहिले.

साहेब खाली आले. प्रत उजेडात धरली.

"गोरा दिसतोय. काळी शाई वाढव. आदिवासी वाटला पाहिजे."

"पानाचा पूर्ण उभा पट्टा काळवंडेल साहेब. वरचा मजकूरसुद्धा."

"होऊ दे."

शाई कमीजास्त करायची किल्ली माझ्या बोटांत होती. जरा फिरवली असती तर नोकरी राहिली असती. मी लाल बटण दाबलं. मशीन थांबलं.

"माझ्या चेहऱ्यावर मी शाई वाढवणार नाही."

"मग घरी बस."

किल्ली दुसऱ्या मशीनमनने फिरवली. गेटपर्यंत पोचलो तर मशीन पुन्हा धडधडत होतं. सगळ्या प्रती छापल्या गेल्या. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. आता कुठेही काम मागितलं की आधी साहेबांना फोन जातो आणि मग मला नकार येतो.

शाळेने ते पान फलकावर लावलंय. मुलगी दप्तर न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, ते तुम्हीच ना? सब हँस रहे थे."

तेव्हापासून ती शाळेत गेलेली नाही. मला तिची समजूत घालता येत नाही. काय सांगू? फोटो माझाच आहे.

घराघरांत गेलेल्या प्रती मला परत आणता येणार नाहीत. पण उद्या तिचा हात धरून शाळेत जाणार, शर्टाची वरची गुंडीही लावून. फलकावरचं ते पान तिच्या वर्गासमोर फाडणार. परवानगी मागणार नाही.